शेड रिकामी करण्याचा प्रस्ताव

४ नोव्हेंबर, सोमवार

नवी वही घेतली. ऑफिसच्या संगणकावर काही लिहून ठेवण्यात अर्थ नाही. आपलं लिहिलेलं तिथे कोण कोण वाचतं याचा पत्ता नसतो. वही बॅगेत, बॅगेला कुलूप.

आज साहेबांनी बोलावून घेतलं आणि दार लावायला सांगितलं. आमच्या अपघात तपास मंडळात संचालकसाहेब दार लावायला सांगतात ते एक तर झापायला, नाहीतर बढती द्यायला. मला बढती मिळाली. नियोजन शाखेचा प्रमुख! पुढच्या तीन वर्षांत मंडळाची रचना कशी असावी, शाखा किती, माणसं किती, कशावर किती खर्च, हा सगळा आराखडा मी एकट्याने करायचा. मंत्रालयाला कपात हवी आहे.

"कुणाशी बोलू नका," साहेब म्हणाले. "इथल्या गोष्टी बाहेर जातायत. कुठेतरी पाणी मुरतंय. म्हणून तुमच्यासारखा माणूस हवा होता. तुमचा कुणावर विश्वास नसतो, ते बरं आहे."

सतरा वर्षांच्या नोकरीत माझ्या स्वभावाचं कौतुक पहिल्यांदाच झालं. एरवी ऑफिसात मला 'भिंग' म्हणतात. मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं.

घरी सांगितलं. बायको म्हणाली, "वा! आणि तुमचा साहेबांवर आहे का विश्वास?"

हिचे प्रश्न असेच. साहेब वर्षापूर्वी इथे आले. त्याआधी अकरा वर्षं नौका तपासणी खात्यात होते. बोटींतलं त्यांना जेवढं कळतं तेवढं आमच्या सबंध जलशाखेला कळत नाही. असा माणूस वर असणं हे भाग्यच.

७ नोव्हेंबर, गुरुवार

बढतीला तीन दिवस झाले नाहीत तोच किल्लीबाई आल्या. या आमच्या जलशाखेच्या मुख्य तपासनीस. शेडच्या किल्ल्या कायम गळ्यात असतात म्हणून किल्लीबाई. ऑगस्टमध्ये नदीच्या मुखाशी जी फेरीबोट बुडाली तिचा तपास त्यांच्याकडे आहे. माणसं आणि गाड्या पलीकडे नेणारी बोट. पात्राच्या मध्यावर पुढचा रॅम्प, म्हणजे जिच्यावरून गाड्या आत चढतात ती मोठी लोखंडी फळी, उघडी पडली आणि पाणी आत घुसलं. सतरा माणसं गेली. बोट वर काढून आम्ही भाड्याने घेतलेल्या शेडमध्ये ठेवली आहे.

बाईंचं म्हणणं, शेड आणखी सहा महिने हवी आणि एका सुट्या भागाची धातुतपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत करायला पैसे हवेत.

"आपली प्रयोगशाळा आहे की," मी म्हटलं.

"आपल्याकडून नको."

"का?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही मंजूर करणार असाल तर सांगते."

आधी पैसे, मग कारण! मी नामंजूर केलं. आणि मी आराखडा करतोय हे यांना कळलं कुठून? मला स्वतःला कळून तीन दिवस झाले. दाराच्या पाटीवर माझं नवं पद लावलंय हे खरं, पण पाटी वाचून एवढा अंदाज येतो का? शिवाय त्या आपला खण सतत कुलपात ठेवतात. (मीही ठेवतो. माझी गोष्ट वेगळी.)

११ नोव्हेंबर, सोमवार

लिफ्टजवळच्या बाकावर दर सोमवारी एक म्हातारे गृहस्थ येऊन बसतात. पेशाने शिंपी. फेरीबोटीत त्यांची मुलगी गेली. येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारतात, "झाला का अहवाल?" आणि मग खिशातून छोटी वही काढून काहीतरी लिहितात.

काय लिहितात? मी दोनदा मुद्दाम बाजूने गेलो, पण अक्षर बारीक आहे. बोटीच्या कंपनीने बसवलेला माणूस नसेल कशावरून?

हिला सांगितलं तर हातातला कपडा तसाच टाकून माझ्याकडे बघत राहिली. "ज्याची पोर गेली तो कंपनीचा माणूस?"

"पोर गेली असं तो सांगतो."

"अहो, थोडी लाज," असं म्हणून ती आत गेली.

१८ नोव्हेंबर, सोमवार

शेड बघून आलो. आराखड्यात सगळ्यांत मोठी रक्कम तिचीच, तेव्हा डोळ्यांनी बघणं भाग होतं. पत्र्याचं उंच छप्पर, आत ओल्या लोखंडाचा वास. बोट लाकडी ठोकळ्यांवर तोललेली, रॅम्प वेगळा काढून भिंतीशी. प्रत्येक भागाला पिवळी चिठ्ठी आणि आकडा. टेबलावर एक मनगटाएवढी जाड लोखंडी पिन, मधोमध तुटलेली. आकडा ६३. तिच्याभोवती खडूने दोनदा गोल केला होता.

शेड सांभाळणाऱ्या कोठीवाल्याला म्हटलं, "ही काय?"

"रॅम्पच्या बिजागरीतली. बाई म्हणतात, हिला कुणी हात लावायचा नाही."

येणाऱ्यांची नोंदवही चाळली. बाई गेल्या तीन रविवारी इथे आल्यात. एकट्या. सुट्टीच्या दिवशी सरकारी माणूस फुकट काम करतो असं मी आजवर पाहिलेलं नाही. म्हणजे फुकट करत नसणार.

२० नोव्हेंबर, बुधवार

साहेबांना पहिला मसुदा दाखवला. ते पेन्सिल घेऊन एकेक ओळ खाली आले. शेडच्या ओळीवर पेन्सिल थांबली. बराच वेळ तिथेच टेकलेली. मग म्हणाले, "कपात कुठे करायची हे तुम्हीच बघा. मी सुचवणार नाही. माणसं कमी केली तर त्यांची बायकापोरं उघड्यावर येतात. भाडी वगैरे कमी झाली तर कुणाच्या पोटावर पाय येत नाही."

आणि मला एकदम सुचलं! शेड सोडून द्यायची. बोटीचे फोटो आहेत, मापं आहेत. लोखंड सांभाळून काय करायचं?

"हे तुम्हाला सुचलं हं," साहेब हसून म्हणाले. "तुमच्याच नावाने प्रस्ताव टाका. श्रेय ज्याचं त्याला मिळालं पाहिजे."

असा वरिष्ठ नशिबाने मिळतो.

२४ नोव्हेंबर, रविवार

दुपारी हिला घेऊन फिरायला निघालो आणि गाडी शेडसमोरच्या टपरीपाशी लावली. हिला पाच मिनिटांत कळलं.

"हे फिरणं?"

"थोडा वेळ."

ही चहा मागवून गाडीतच पुस्तक वाचत बसली. पावणेचारला बाई बाहेर आल्या. छातीशी टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड. दोन्ही हातांनी धरलेलं, बाळ धरावं तसं. गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवून त्यावर पट्टासुद्धा बांधला.

"बघितलंस?" मी म्हटलं.

"बघितलं. चोर असं भर दुपारी, पट्टा बांधून नेत नाही. जाऊन सरळ विचारा ना तिला."

विचारलं की माणूस सावध होतो. हिला तपासातलं काय कळणार!

२५ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी आधी शेड. ६३ ची जागा रिकामी, नुसता खडूचा गोल. कुंपणच शेत खातंय म्हणायचं!

तडक साहेबांकडे गेलो. सगळं ऐकून ते म्हणाले, "लेखी द्या." मी तिथेच लिहून दिलं. त्यांनी दोनदा वाचलं.

"हा त्रेसष्ट नंबर म्हणजे नक्की काय?"

"रॅम्पच्या बिजागरीची पिन."

साहेबांनी पेला उचलला, सगळं पाणी प्यायले, पेला खाली ठेवायचं विसरून हातातच धरून बसले. हाताखालच्या माणसाने असा दगा दिला तर कुणालाही धक्का बसेल. मला त्यांची फार कणव आली.

"कुठे नेली असेल?" त्यांनी तीनदा विचारलं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

बाई निलंबित. पुरावा विनापरवानगी बाहेर नेल्याबद्दल. त्यांच्या टेबलाची झडती झाली. पिन मिळाली नाही. कुठे आहे ते सांगायला त्यांनी नकार दिला.

जाताना माझ्या टेबलापाशी थांबल्या. मला वाटलं, आता शिव्या देणार.

"तुम्ही मला विचारलं असतंत तर मी दाखवली असती," एवढंच म्हणाल्या. गळ्यातल्या किल्ल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या.

बोलणं गोड असलं की समजावं. ताकसुद्धा फुंकून प्यावं माणसाने. पण किल्ल्या मला का दिल्या? त्या साहेबांकडे द्यायच्या असतात.

९ डिसेंबर, सोमवार

दहा दिवस नवा तक्ता करण्यात गेले. जलशाखा रस्तेशाखेत विलीन. तिचा तपास थेट साहेबांच्या हाताखाली. चौकोन, रेघा, बाण. तक्ता इतका सुबक झालाय की भिंतीवर लावावा.

एक गोष्ट मात्र खुपते. शेडचा करार मार्चअखेरीपर्यंतचा आहे. साहेब म्हणतात, या महिन्याच्या २३ तारखेलाच शेड मोकळी करा. भंगारवाल्याचा ट्रक ठरला आहे. मी आकडेमोड केली. करार मुदतीआधी मोडला तर दंड पडतो, आणि तो दंड उरलेल्या तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त आहे. म्हणजे कपात करून खर्च वाढतो!

तीनदा बेरीज केली. तिन्ही वेळा तेच.

१२ डिसेंबर, गुरुवार

साहेबांना आकडे दाखवले. त्यांनी बघितलेदेखील नाहीत.

"बेरीज तुम्ही करा. विचार मी करतो."

"पण साहेब, बचतच होत नाही."

"प्रस्ताव कुणाच्या नावाने आहे?" ते एकदम थंड आवाजात म्हणाले. "तुमच्या ना? मग मंत्रालयाच्या अर्थ समितीपुढे तुम्हीच त्याचं समर्थन कराल. बसू नका, जा."

थकले असतील. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत, कामाचा बोजा आहे. असं मी जिना उतरताना स्वतःला सांगत होतो. तिसऱ्या मजल्यापर्यंत पटलं. खाली येईपर्यंत पटेनासं झालं.

१६ डिसेंबर, सोमवार

आज शिंपीकाकांनी मला हाक मारली. "भिंगसाहेब, जरा बसा." (बाहेरच्या लोकांनाही माहीत!)

बसलो. ते म्हणाले, "त्या बाई दिसत नाहीत. बऱ्या आहेत ना? त्यांच्याशिवाय माझ्याशी इथे कुणी बोलत नाही."

मी काहीतरी पुटपुटलो. मग धीर करून विचारलं, "तुम्ही त्या वहीत काय लिहिता?"

त्यांनी वही माझ्या हातातच दिली. प्रत्येक सोमवारचं एक पान. कोण भेटलं, काय बोललं. 'साहेब लिफ्टमध्ये. बरोबर नौका तपासणीचे मोठे साहेब. मला बघून बोलणं थांबवलं.' अशी चार पानं, लागोपाठच्या चार सोमवारची. आणि एका पानावर: 'बाईंनी आज पाणी दिलं. म्हणाल्या, थोडं थांबा, मी शोधतेय.'

"मला दुसरं काही येत नाही हो," काका म्हणाले. "माप घ्यायचं आणि लिहून ठेवायचं."

मी वही परत दिली. चार सोमवार साहेबांनी नौका तपासणीवाल्यांना कशासाठी भेटावं? जुने मित्र असतील. असतीलच. पण मग साहेबांनी मला सांगितलं होतं की त्या खात्याशी आता त्यांचा काहीच संबंध नाही, ते का?

१८ डिसेंबर, बुधवार

हे नीट लिहायला हवं.

अर्थ समितीसाठी जलशाखेच्या यंदाच्या खर्चाचे कागद गोळा करत होतो. माझ्याच 'नामंजूर' ट्रेमध्ये बाईंचा एक अर्ज होता, २६ नोव्हेंबरचा. मी न वाचताच टाकला होता. त्यांचा म्हटला की नामंजूर, हा तेव्हाचा माझा खाक्या.

अर्ज खर्चाच्या परताव्याचा. सोबत अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या धातु प्रयोगशाळेची पावती: 'वस्तू क्र. ६३, पिन, तपासणीसाठी मिळाली.' पैसे बाईंनी स्वतःच्या खिशातून भरले होते. सोबत शेडच्या 'बाहेर गेलेल्या वस्तू' या वहीतल्या पानाची प्रत. त्यात तारीख, वेळ, कारण, सही, सगळं. मी येणाऱ्या माणसांची वही तेवढी बघितली होती. दुसरी वही आहे हेच मला सुचलं नाही. भिंग म्हणे!

त्याखाली छायाप्रतींचं बिल, आणि त्याला नमुना म्हणून जोडलेली एक प्रत. फेरीबोटीचा योग्यता दाखला, दोन वर्षांपूर्वीचा. 'रॅम्पच्या बिजागरीच्या पिना बदलल्या. तपासल्या. योग्य.' खाली तपासणाऱ्याची सही.

ती सही मी वर्षभर रोज बघतो. माझ्या बढतीच्या पत्रावर तीच आहे.

'अकरा वर्षं नौका तपासणी खात्यात.' या वहीच्या पहिल्याच पानावर मी ते लिहिलंय, आणि कौतुकाने. सगळ्या जगावर संशय घेतला. दूध आणणाऱ्यावर, लिफ्टवाल्यावर, पोर गेलेल्या बापावर. ज्या एका माणसाने मला शहाणा म्हटलं तो तेवढा सोडला.

१९ डिसेंबर, गुरुवार

रजा टाकून किल्लीबाईंच्या घरी गेलो. त्यांच्या आईने दार उघडलं. "कोण?" मी म्हटलं, "ऑफिसातला." आई आत बघून ओरडल्या, "ते पत्र लिहिणारे आलेत गं!"

बाईंनी बसायला सांगितलं नाही. मी उभ्याउभ्याच सगळं बोललो. माफी मागितली तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"ते राहू दे. अहवाल परवा आला. पिन मूळची नाहीच. साधी सळई कापून, घासून बसवलेली. डोळ्यांनी बघितलं असतं तरी कळलं असतं. कुणी बघितलंच नाही. न बघता सही केली."

"मग हे पुरेसं आहे की."

"कसलं पुरेसं? पिन ज्या बिजागरीतून निघाली ती बोटीवर आहे. दोन्ही एकमेकांना जुळवून दाखवायला हवं. बोट भंगारात गेली की ही नुसती एक सळई. मी कुठूनही आणली असं म्हणतील."

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगणार कुणाला? सही साहेबांची, आणि तुम्ही साहेबांच्या बंद दाराआडचे." मग म्हणाल्या, "ट्रक सोमवारी येतोय ना? मी निलंबित आहे. तुम्ही नाही."

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. वाटलं होतं, 'मी सांगत होते' म्हणेल. म्हणाली नाही. फक्त विचारलं, "नोकरी जाईल का?"

"जाऊ शकते."

"मग उद्याचा शर्ट मी इस्त्री करते. तुम्ही करता तो चुरगळलेलाच राहतो."

२० डिसेंबर, शुक्रवार

अर्थ समिती. लांब टेबल, नऊ माणसं, प्रत्येकासमोर माझा सुबक तक्ता. साहेब माझ्या शेजारी. अध्यक्ष पांढऱ्या केसांचे, चष्मा कपाळावर ठेवून वाचणारे.

"शेड सोडल्याने बचत किती?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी टाइप केलेला कागद माझ्यापुढे सरकवला. मी तो उलटा ठेवला.

"बचत नाही. तोटा आहे." माझा आवाज कुणा दुसऱ्याचा वाटत होता.

"मग हा प्रस्ताव कुणी केला?"

"मी. चूक होता. आत्ता, लेखी, परत घेतो."

साहेब हसत म्हणाले, "आमचे हे जरा ताणाखाली आहेत..."

"आहे," मी म्हटलं. "शेडमध्ये चालू तपासाचा पुरावा आहे, आणि सोमवारी तो भंगारात जाणार आहे. ज्या दाखल्यावरून ती बोट पाण्यात होती त्याची ही प्रत. सही बघावी. आणि जलशाखेच्या बाईंविरुद्धची तक्रारही माझीच. तीही चूक होती. नोंदवही मी अर्धीच बघितली होती."

अध्यक्षांनी चष्मा खाली घेतला. दाखला बघितला. मग माझ्या तक्त्याखालची साहेबांची सही बघितली. पुन्हा दाखला.

साहेब माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "मी तुला माणसात आणलं." अहोजाहो संपलं होतं.

२३ डिसेंबर, सोमवार

ट्रक आला. शेडच्या दाराला समितीचं सील होतं. मी सकाळी सातपासून तिथे उभा होतो; सीलवर माझा विश्वास नव्हता. ट्रकवाला अर्धा तास भांडला आणि रिकामा परत गेला.

२७ जानेवारी, सोमवार

साहेब सक्तीच्या रजेवर, चौकशी सुरू. बाई आज पुन्हा रुजू झाल्या. मला ठपका मिळाला: 'अपुऱ्या माहितीवर सहकाऱ्याविरुद्ध गंभीर तक्रार.' शब्दन्‌शब्द खरा. नियोजन प्रमुखपद गेलं. आता मी अभिलेख कक्षात.

बाईंच्या किल्ल्या परत द्यायला गेलो. त्यांनी घेतल्या. चहा विचारला नाही. विचारतील अशी माझी अपेक्षाही नव्हती, होती थोडीशी.

१९ मे, सोमवार

फेरीबोटीचा अहवाल आज छापून आला. वाटपाचं काम अभिलेख कक्षाचं. शिंपीकाका बाकावर होते. पहिली प्रत मी स्वतः त्यांना नेऊन दिली.

"तुम्हीच वाचा," ते म्हणाले. "जिथे कारण लिहिलंय तेवढंच."

मी बिजागरीचं पान काढून वाचलं. पिन बदललेली, तपासणी न होताच दाखला दिलेला, रॅम्प सुटला. पुढचं वाक्य बाईंनी लिहिलेलं: 'रॅम्पजवळ किती प्रवासी उभे होते याचा अपघाताशी संबंध नाही.'

"पुन्हा वाचा," काका म्हणाले.

पुन्हा वाचलं.

काका म्हणाले, "कंपनीचा माणूस आमच्या घरी आला होता. म्हणाला, लोक पुढे गर्दी करून उभे राहिले म्हणून फळी सुटली. पोर कायम पुढेच उभी राहायची हो. वारा लागतो म्हणून. लहानपणी मीच उभं करायचो तिला तिथे, खांद्यावर घेऊन. तिची आई नऊ महिने माझ्याशी बोलली नाही."

पाठीमागे किल्ल्यांचा आवाज आला. बाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोण जाणे.

काकांनी अहवाल माझ्याकडून घेतला, त्या पानात बोट घालून मिटला आणि उठले. "जातो," म्हणाले, "तिची आई दुपारी झोपते. त्याच्या आत पोचतो."

लिफ्टची वाट न बघता ते जिन्याने उतरू लागले. आम्ही दोघं त्यांची पावलं तळमजल्यापर्यंत ऐकत उभे राहिलो.